खोडकिड्याचं वर्ष

आमच्या शेतात कॉफी होती, पण घरात कॉफी कुणीच पीत नव्हतं. सकाळी चुलीवर गुळाचा कोरा चहा व्हायचा, त्यात आई कधी गवती चहाची पात मोडून टाकायची, आणि रात्रीची उरलेली नागलीची भाकरी त्यात बुडवून आम्ही खायचो. इगतपुरीच्या मागे डांबरी रस्ता संपतो तिथून पाऊण तास चाललं की आमचा पाडा लागे. खाली भाताची खाचरं, वर डोंगराचा उतार, आणि मध्ये आमचं घर: कुडाच्या भिंती, कौलं, पुढे शेणानं सारवलेलं लांबट अंगण. बाबा रेल्वेत गँगमन होते. त्यांची पाळी घाटातल्या रुळांवर असायची, त्यामुळे आठवड्यातून एखाद्या दिवशीच ते घरी दिसत. बाकीच्या दिवशी त्यांची खबर आम्हाला इंजिनांच्या आवाजातून यायची. घाट चढताना मागून लावलेली इंजिनं ठराविक वेळी शिट्टी द्यायची आणि आई हातातलं काम न थांबवता म्हणायची, "गेली बग. तुझा बाप उभा आसंल तिथं झेंडा घेऊन."

जेवण साधं असे. भात मुबलक, कारण पिकायचाच तो. त्यावर उडदाची आमटी नाहीतर कुळथाचं पिठलं, सोबत खुरासणीची चटणी, बाजार झाला असेल तर सुकट. आईचा हात तिखटाला सढळ होता. ती जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसायची आणि सगळ्यांच्या आधी उठायची, त्यामुळे तिला जेवताना मी नीट पाहिल्याचं आठवत नाही. आता नाशिक रोडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात एकटीनं जेवताना हे हटकून मनात येतं. आईचे हात, आईची चाल, आईचा आवाज सगळं आठवतं. जेवतानाचा तिचा चेहरा तेवढा आठवत नाही.

कॉफी आणली ती गोविंदतात्यांनी. ते आमच्या पाड्यावरचेच, पण तरुणपणी पोटासाठी कर्नाटकात गेले आणि तिथल्या कॉफीच्या डोंगरांत वीसेक वर्षं राहिले. आधी फळं तोडायला, मग मजुरांवर देखरेख करणारा मिस्त्री म्हणून. बायको वारली तेव्हा परत आले. येताना एक ट्रंक आणि कापडी पिशवीत कॉफीचं बी. तात्या तिला 'कापी' म्हणायचे, म्हणून पाड्यावर सगळेच कापी म्हणू लागले. सुरुवातीला लोक हसले. "इथं नागली धड येत नाय, अन् हा कापी लावतोय," असं म्हणायचे. तात्या कुणाशी वाद घालत नसत. आपल्या फणसांच्या सावलीत त्यांनी वाफा केला, रोपं वाढवली, आणि तिसऱ्या वर्षी त्यांच्या झाडांना लाल फळं लागली तेव्हा त्यांनी ओट्यावर लोकांना बोलावलं.

त्या दिवशी कापी लावायला सगळ्यात आधी हो म्हणाली ती माझी आई, भागाबाई. घरामागचा उतार तसा रिकामाच होता. नांगर धरत नव्हता. आंबा, फणस, उंबर असली झाडं होती आणि खाली गवत. तात्यांनी सांगितलं की कापीला सावलीच लागते, मोठं झाड एकही तोडायचं नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि मला वाटतं आईनं खरी ऐकली ती तीच. सहकारी संस्था काढायची होती, आणि सभासद म्हणून जो झाडं लावील आणि राखील त्याचंच नाव लागणार होतं. बाबा तर रुळांवर. तेव्हा नाव लागलं आईचं. आमच्या घरात आईच्या नावावर लागलेली ती पहिली गोष्ट. घर बाबांचं, खाचरं आजोबांच्या नावावरून अजून उतरलेली नव्हती, रेशनकार्डावरही पहिलं नाव बाबांचं. ही अडीचशे झाडं मात्र भागाबाईची.

ती झाडं तिनं जगवली ती हंड्यानं पाणी घालून. आमच्याकडे पावसाळ्यात डोंगर वाहून जाईल इतकं पाणी, आणि होळी झाली की झऱ्यापाशी हंडा भरायला तासभर लागायचा. तीन उन्हाळे ती डोक्यावर एक आणि कमरेवर एक असे हंडे घेऊन चढली, प्रत्येक रोपाला एक तांब्या. मीही चढले, पण मी कुरकुरत चढायचे. ती रोपांशी बोलायची. "पी गं बाई, उद्याच्याला परत येते," असं काहीतरी. आमच्याशी इतकं मऊ बोललेली मला आठवत नाही.

संस्थेत एकोणीस घरं होती. नाशिकचा एक कॉफी भाजणारा दुकानदार माल घ्यायला तयार होता, पण सेंद्रिय असल्याचा दाखला असेल तरच. दाखला मिळायला तीन वर्षं शेतात कुठलंही औषध नाही, रासायनिक खत नाही, आणि जे काही घातलं त्याची दर पंधरवड्याला नोंद. मी तेव्हा दहावी होऊन घरी बसले होते. कॉलेज लांब, आणि माझं पुढं काय करायचं हे कुणी ठरवत नव्हतं. तात्या म्हणाले, "यमुनेचं अक्षर चांगलं हाय. शेतवह्या तिच्याकडं." अशी मी एकोणीस वह्यांची मालकीण झाले.

ते दिवस माझ्या आयुष्यातले फार मानाचे. वह्या पिशवीत घालून मी दारोदार जायचे आणि माझ्या आईच्या वयाच्या बायका मला पाट द्यायच्या. शेणखत किती पाट्या, जीवामृत कधी, निंबोळीचा अर्क कधी, सगळं मला सांगायच्या आणि मी लिहिलं की विचारायच्या, "लिवलं का तसंच?" मी वाचून दाखवायचे. स्वतःचं बोलणं कागदावरून परत ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते पाहायला मला आवडायचं. तात्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं, "दाखला एकट्याचा नाय, एकोणीस घरांचा हाय. एकाच्या शेतात औषध सापडलं की डाग सगळ्यांना लागंल. म्हून जे केलं तेच सांगायचं आणि जे सांगितलं तेच हिनं लिवायचं." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही.

आमच्याकडे विषाला औषधच म्हणतात. हे तेव्हा कधी खटकलं नाही. आता हा शब्द लिहिताना हात थोडा थांबतो.

पहिला तोडा झाला त्या वर्षी तात्यांनी लोखंडी तव्यात बी भाजलं, खलबत्त्यात कुटलं आणि सगळ्यांना कॉफी दिली. धूर, करपल्यासारखा वास, आणि चव इतकी कडू की चिमामावशीनं तोंडातलं अंगणातच थुंकलं आणि सगळे हसले. चिमामावशी म्हणजे आमच्या खालची शेजारीण. तिचा उतार आमच्या उताराला लागूनच, पण खालच्या अंगाला. नवऱ्याचा पाय अधू, म्हणून सगळं तिच्या एकटीवर. ती आणि आई एकाच गावच्या लेकी, लग्न होऊन एकाच पाड्यावर आलेल्या, आणि भांडायच्याही बहिणींसारख्या. त्या दिवशी आईनं मात्र कडू कॉफी थुंकली नाही. तिनं गुळाचा खडा तोंडात धरला आणि पेला संपवला. "आपल्या झाडाचं हाय," एवढंच म्हणाली.

मग ते वर्ष आलं. दाखल्याचं शेवटचं वर्ष. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आईनं वरच्या अंगाच्या फणसांच्या आणि आंब्याच्या फांद्या छाटल्या होत्या. ऊन जास्त मिळालं तर फळ जास्त धरेल असं तिच्या मनानं घेतलं होतं. तात्यांनी नको म्हटलं होतं. तिनं ऐकलं नाही, आणि पावसाळ्याआधी झाडं खरंच तजेलदार दिसत होती, म्हणून तात्याही पुढं काही बोलले नाहीत. गणपती गेल्यावर एका सकाळी ते आमच्या उतारावर आले. काही झाडांची पानं पिवळी पडून लोंबत होती. तात्यांनी एका खोडावरून अंगठा फिरवला. सालीवर शिरा सुजाव्यात तसे वळ उठले होते. त्यांनी कोयत्यानं ते खोड फोडलं. आत भुसा भरलेली वाट आणि वाटेच्या टोकाला पांढरी, जाड, आंधळी अळी.

"खोडकिडा," तात्या म्हणाले. मग खाली बसलेच. "भागा, ह्याला इलाज नाय. किडा भुंगा व्हऊन उडायच्या आत झाड उपटायचं आन् जाळायचं. मुळासकट. नायतर पुढल्या साली सगळ्यांची जातील."

त्यांनी चुन्यानं खुणा केल्या. हा किडा उन्हातल्या खोडावर अंडी घालतो, सावलीत येत नाही, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. आईनं ते ऐकलं आणि वरच्या छाटलेल्या फणसांकडे पाहिलं. आमच्या अडीचशे झाडांपैकी नव्वदच्या वर झाडांवर पांढरी खूण झाली. चिमामावशीच्या झाडांतही निघाली, तिचा उतार उघडा होता म्हणून. बाकीच्या घरांत दोन-चार, दोन-चार.

चिमामावशीनं दुसऱ्याच दिवशी कुदळ घेतली. तिचं रडणं आमच्या अंगणात ऐकू यायचं, आणि त्या रडण्यामधून कुदळीचा आवाजही. रडत होती पण थांबत नव्हती. पंधरवड्यात खुणेची सगळी झाडं काढून तिनं जाळली. आईनंही सुरुवात केली. चाळीसएक झाडं उपटली. मग म्हणाली, कंबर धरली. मग नवरात्र आलं. दर वर्षी आई इगतपुरीहून एसटीनं वणीला जायची आणि पायऱ्या चढून सप्तशृंगीचं दर्शन घेऊन यायची, माझ्या जन्माआधीपासूनचा तिचा नेम. त्या वर्षी गेली नाही. पाय दुखतात म्हणाली. एका बाजाराच्या दिवशी मात्र त्याच पायांनी घोटीला जाऊन आली.

त्यानंतर दोन दिवसांनी मी आमची वही भरायला उतारावर गेले. आमचीही नोंद मी जागेवर जाऊनच करायचे, तेवढी मला शिस्त होती. खुणेची पन्नासेक झाडं तशीच उभी होती. त्यांच्या खोडांना काहीतरी चोपडलेलं होतं. बुंध्याशी मुंग्या मरून पडल्या होत्या, रांगच्या रांग, आणि दोन मधमाशा. वास मला ओळखीचा होता. पाड्याच्या वाटेवरच्या टोमॅटोच्या शेतांत फवारणी झाली की तसा वास यायचा.

आई मागच्या दारी भांडी घासत होती.

"आई, वर खोडांना काय लावलंस?"

"चुना."

"चुन्यानं मुंग्या नाही मरत."

ती राखेचा हात तसाच भांड्यावर फिरवत राहिली. मग म्हणाली, "फवारलं नाय. फडक्यानं निस्तं पुसलंय. फळाला लागत नाय ते."

"तू तात्यांना सांग."

"काय सांगू? माझं नाव काडतील तेवडं. यमे, चाळीस उपटली मी माझ्या हातानं. आता हात उठत नाय माझा. तू पाणी घातलंस ना त्यास्नी? मग तुला कसं काय वाटत नाय?"

"खाली चिमामावशीची झाडं आहेत."

आईचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला अजून वाटतं की तो विचार तिच्या मनात त्याआधी आलाच नव्हता. पण तो तिनं लगेच बाजूला सारला. "पाऊस गेला आता. खाली कशानं जाईल?"

मी वही घेऊन उभी होते. "आज काय लिहू?"

"लिव. शेणकाला आन् चुना लावला."

मी लिहिलं. उंबऱ्यावर बसून, नेहमीच्याच वळणदार अक्षरात. तिनं मला हात धरून लिहायला लावलं नाही, धमकावलं नाही. मी नाही म्हणू शकले असते. आजवर ही हकिकत मी ज्यांना सांगितली त्यांच्यापैकी बहुतेकांनी आईचाच भाग लक्षात ठेवला, म्हणून माझा भाग मी इथं नीट लिहून ठेवते आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी परतीचा पाऊस आला. तासभरच, पण आमच्या डोंगराचा पाऊस. मी दारात उभी राहून उतारावरून लाल पाणी खाली जाताना पाहिलं. ते चिमामावशीच्या बांधावरून तिच्या झाडांत शिरत होतं. आई मागं उभी होती.

तपासणीच्या बाई आल्या त्या वही लिहिल्यापासून अकराव्या दिवशी. नाशिकहून जीपनं आल्या, डांबरी रस्ता संपल्यावर चालत. तिशीच्या असतील. कापडी बूट चिखलानं भरले होते, पण चिडलेल्या दिसत नव्हत्या. तात्यांच्या ओट्यावर बसून त्यांनी एकोणीस वह्या एकेक करून वाचल्या. मध्येच मान वर करून म्हणाल्या, "कुणी लिहिल्यात? इतक्या स्वच्छ वह्या मी कमी पाहिल्यात." तात्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो पाहून मी खांबाच्या आड झाले. मग बाईंनी सहा घरं निवडली आणि त्यांची शेतं पाहिली. आमचं त्यांत नव्हतं. चिमामावशीचंही नव्हतं. सगळीकडे फळं लाल व्हायला लागली होती आणि बाई खूश दिसत होत्या.

जेवण तात्यांच्याच ओट्यावर होतं. एकोणीस घरांच्या बायका आल्या होत्या, आईही होती, भिंतीला टेकून बसलेली. चिमामावशी वाढत होती. बाईंच्या ताटात भाकरी वाढता वाढता तिला राहवलं नाही. "मॅडम, माझ्या रानात नाय आलात तुमी. आमच्यात खोडकिडा आला व्हता. चौऱ्याहत्तर झाडं मी माझ्या हातानं जाळली, पण औषदाचा येक थेंब लावला नाय. तेबी लिवा तुमच्या कागदावर."

"लिहिते मावशी," बाई हसून म्हणाल्या. हात धुतल्यावर त्यांनी फॉर्म काढला आणि मला हाक मारली. "इथं सही कर. वह्यांतली माहिती खरी आहे एवढंच आहे."

मी पेन घेतलं. बाईंचं बोट त्या ओळीवर होतं. चिमामावशी माझ्या शेजारीच उभी होती, हातात भाकरीची टोपली घेऊन.

"मॅडम," मी म्हटलं, "आमच्या वहीत खोटं आहे. मी खोटं लिहिलंय."

आवाज इतका बारीक निघाला की बाईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा म्हटलं तेव्हा ओट्यावरचं बोलणं थांबलं होतं.

"भागा," तात्या म्हणाले, "पोर काय म्हणतीय?"

आईनं पदर डोक्यावर घेतला, उठली, आणि कुणाकडे न पाहता ओट्यावरून उतरून गेली. मग बाकीचं मलाच सांगावं लागलं. औषध, फडकं, किती झाडं, कुठला दिवस. पाऊस कुठल्या दिवशी पडला तेही सांगितलं, आणि ते सांगताना चिमामावशीकडे पाहावं लागलं. तिनं टोपली खाली ठेवली.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तू स्वतः सांगितलंस हे बरं झालं," त्या म्हणाल्या, "पण मला हे लिहावं लागेल." त्या आमच्या उतारावर गेल्या, मग खालच्या, आणि पिशव्यांत पानं आणि माती भरून घेऊन गेल्या. निकाल यायला बरेच दिवस लागले. तोवर तोडा होऊन गेला आणि त्या वर्षी एकोणीस घरांची कॉफी दाखल्याविना, साध्या मालात गेली. आमच्या मातीत विष निघालं, हे आम्हाला माहीतच होतं. चिमामावशीच्या वरच्या तीन रांगांतही निघालं. आमचं नाव संस्थेतून तीन वर्षांसाठी गेलं. तिच्या त्या तीन रांगाही तेवढ्याच वर्षांसाठी बाद झाल्या. बाकीच्यांना दाखला पुढच्या वर्षी मिळाला.

कुणी मला शाबासकी दिली नाही. द्यावी असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. पाड्यावर बायका म्हणायच्या, पोटच्या पोरीनं आईला चारचौघांत उघडं पाडलं. आईनं जे केलं त्याच्यापेक्षा त्यांना हे मोठं वाटत होतं. बाबा सुट्टीवर आले. त्यांना वाटेतच सगळं कळलं होतं. जेवून हात धुतल्यावर म्हणाले, "घरात बोलायचं व्हतं. लोकांत कशाला?"

"घरात बोलले होते," मी म्हटलं. त्यांनी आईकडे पाहिलं. आई चुलीकडे तोंड करून बसली होती. बाबांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

तात्यांनी मला बोलावून घेतलं ते आठवडाभरानं. वाटलं होतं, ते तरी काही बरं बोलतील. ते म्हणाले, "वही लिवलीस त्या दिवशी माझ्याकडं का नाय आलीस? पावसाच्या आधी आली असतीस तर चिमाची झाडं वाचली असती." त्यांनी हात पुढं केला आणि मी वह्यांची पिशवी त्यांना दिली. ते बरोबर होते. पुढच्या वह्या दुसऱ्या एका मुलीनं लिहिल्या, आणि चांगल्या लिहिल्या.

आई माझ्याशी बोलायची बंद झाली. भाकरी झाली की ती दाराकडे बघून म्हणायची, "भाकर झाली." तपासणीच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच ती कुदळ घेऊन वर गेली होती. मी दुसरी कुदळ घेऊन मागोमाग गेले. तिनं मला परत जा म्हटलं नाही आणि ये पण म्हटलं नाही. ती एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. कॉफीचं मूळ सरळ खोल जातं, चार वर्षांच्या झाडाला सगळा जीव लावावा लागतो. तिसऱ्या दिवशी चिमामावशी बांध चढून वर आली. तिच्याही हातात कुदळ होती. आई उभी राहिली. मला वाटलं आता भांडण होणार.

"चिमे," आई म्हणाली, "मी तुझी..."

"गप," चिमामावशी म्हणाली. "तुझं काय ऐकाया नाय आले मी. ह्यो किडा उडाला तर परत माझ्यातच येनार. दोगींनी चार दिवस लागतील, तिगींनी दोन."

आणि तिनं झाडाच्या बुंध्याशी कुदळ घातली. दोन दिवस आम्ही तिघी खणत होतो. पाणी प्यायला त्या दोघी एकाच फणसाखाली बसायच्या, पण एकमेकींकडे पाठ करून. शेवटी सगळी झाडं एका जागी रचून पेटवली. ओलं लाकूड, धूर फार झाला. डोळे चोळायला धुराचं निमित्त तिघींनाही होतं.

होळीनंतर मला माझ्या आत्याकडे नाशिक रोडला पाठवलं. तिचा नवरा प्रेसमध्ये कामाला होता, घर दोन खोल्यांचं, पण कॉलेज जवळ. पाड्यावर मला करायला काही उरलं नव्हतं, म्हणून माझं शिक्षण झालं. हे वाक्य विचित्र आहे, पण खरं आहे. मी निघाले त्या सकाळी आईनं माझ्या पिशवीत खुरासणीच्या चटणीची बरणी ठेवली आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहून बोलली, "झाकण ढिलं हाय. उभी धर."

तिनं पुढं नवी रोपं लावली, फणसांना फांद्या वाढू दिल्या, तीन वर्षं थांबली आणि पुन्हा संस्थेत आली. संस्था आजही आहे. तात्या गेले, चिमामावशीची सून आता तिथं सगळं बघते. आई आणि चिमामावशी कधी पुन्हा बोलायला लागल्या हे मला कळलं नाही, पण माझ्या लग्नात त्या दोघी शेजारी बसून नवऱ्याकडच्यांना नावं ठेवत होत्या. माझ्याशीही आई बोलायची. गुरांचं, पावसाचं, माझ्या मुलीच्या शाळेचं. त्या दिवसाबद्दल मात्र नाही. वीसेक वर्षं नाही.

मग तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ती माझ्याकडे राहायला आली. डोळ्यावर हिरवी पट्टी, काळा चष्मा. सकाळी मी तिला गॅलरीत खुर्ची टाकून द्यायचे. खाली रिक्षा, शाळेच्या बस, आणि मध्येच स्टेशनाकडून गाडीचा आवाज. एका सकाळी मी तिच्याजवळ भाजी निवडत बसले होते. ती एकाएकी म्हणाली,

"मी पाड्यावर सगळ्यांना सांगत आले. यमी बोलली नसती तर त्या दिवशी मीच बोलनार व्हते. चिमीलाबी तेच सांगितलं."

मी भाजी निवडत राहिले.

"खोटं हाय ते," आई म्हणाली. "मी नसते बोलले. फळं सगळ्यांच्या पोत्यात गेली असती आन् मी गप ऱ्हायले असते."

मला वाटलं, आता माझंही सांगावं. "आई, मीपण लगेच नाही बोलले. अकरा दिवस गेले. तेवढ्यात पाऊस पडून गेला."

"मला काय ठावं नाय व्हय?" ती म्हणाली. तिचं तोंड रस्त्याकडे होतं. "अकरा दिवस तू धड जेवली नाय. ताटातलं तसंच कोंबड्यांना टाकायचीस. मला दिसत व्हतं रोज. तरीबी मी इचारलं नाय, का जेवत नायस म्हून."

मी भाजीची परडी बाजूला ठेवली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "डोळ्यात थेंब घालायची येळ झाली का बग."

मी आत जाऊन घड्याळ पाहिलं. अजून अर्धा तास होता. परत येऊन तिला तसं सांगितलं, आणि तो अर्धा तास आम्ही दोघी तिथंच बसून राहिलो.